पाच बोटांत मी नव्हतो

शाळेच्या भिंतीवर सगळ्या चौथीचे हात चिकटवले होते. कागदावर पंजा ठेवून पोरांनी तो पेन्सिलीनं गिरवला होता आणि कात्रीनं कापला होता. हाताच्या प्रत्येक बोटावर एकेक माणूस लिहिलेला. वर मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'मोबाइलवर काही वाईट घडलं, तर मी कोणाला सांगेन?'

त्या दिवशी पालकसभा होती. सून शेतात निंदायला गेली होती म्हणून मी गेलो, एरवी मी असल्या सभांना जात नाही. नातीचा हात शोधायला वेळ लागला नाही. तिची करंगळी आत वाकलेली आहे, अगदी माझ्यासारखी. कागदातसुद्धा तिनं ती वाकडीच कापली होती. अंगठ्यावर 'आई', पुढच्या बोटावर 'मॅडम', मग 'आजी', मग 'लोणारची मावशी'. आणि त्या वाकड्या करंगळीवर 'बांगड्यावाली भाभी'.

मी पुन्हा वाचलं. माणसं पाचच होती आणि त्यांत मी नव्हतो.

बांगड्यावाली भाभी म्हणजे आमच्या समोरच्या घरातली शेजारीण. बाई चांगली आहे, पण ती शेजारीण. ज्या मोबाइलवर वाईट घडायचं तो मोबाइल मी आणला. शाळेचं दप्तर मी आणलं. लहानपणी या पोरीला खांद्यावर बसवून मी चिखलीचा बाजार दाखवला. आणि बोट भाभीला! शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं, "तुमच्या नातीचा कोनता, आबा?" मी म्हणालो, "वाऱ्यानं पडला वाटते." तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनात सलत राहिली.

मी जनावरांचा दलाल आहे. नववीत शाळा सोडली आणि दुसऱ्याचे बैल हाकत बाजारात शिरलो. आता ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, म्हणून बकऱ्या जास्त. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. तोंडानं भलतंच चाललेलं असतं: पाऊसपाणी, कोणाचं लग्न, एकमेकांच्या खोड्या. भोवती दहा माणसं उभी असली तरी त्यांना हलणारा रुमाल तेवढा दिसतो. आता पुष्कळ जण मोबाइलवर फोटो पाहूनच बोलणी करतात, पण जुना गडी भेटला की रुमाल निघतोच.

नात तीन वर्षांची होती तेव्हापासून मी तिच्याशी रुमालाखाली सौदा करत आलो. बिस्किटं किती, झोक्याचे झोके किती, अभ्यासाची पानं किती. धंद्यातली एकच गोष्ट मी तिला पक्की शिकवली होती. समोरच्यानं भाव काढला की आपण उलटा भाव काढायचा. 'नाही' म्हणून उठून जायचं नाही, कारण उठला तो बाजारातून गेला. पोरगी इतकी तयार झाली की वाण्याकडून चॉकलेटवर चॉकलेट काढून आणायची. मला त्याचं फार कौतुक होतं.

सभा संपल्यावर मी मॅडमना गाठलं. बाई तरुण, चिखलीकडची, स्कूटीवर येणारी.

"मॅडम, तो हात पुन्हा करायला लावा."

"का हो, आजोबा?"

"माझं बोट राहून गेलं."

"ते मी नाही सांगितलं. मुलांनी मनानं लिहिलं."

"मग करंगळी तरी द्या. भाभीची मी समजूत घालतो."

त्या हसल्या. हसल्या म्हणून मी चिडलो. आवाज इतका चढला की आवारातल्या बाया वळून पाहू लागल्या. मॅडमनी मात्र आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "आजोबा, शनिवारी कॉम्प्युटरचा तास असतो. येऊन बसा. मुलं काय शिकतात ते बघा. मग भांडू."

भांडायचं ठरलंच आहे, तर समोरचा माल पाहून घ्यावा, या हिशेबानं मी शनिवारी गेलो. खरं सांगायचं तर मला कुतूहलही होतं. हे काय शिकवतात की पोर घरच्या माणसाला सोडून भाभीचं नाव लिहिते?

वर्गात दोन कॉम्प्युटर होते आणि भिंतीवर एक मोठा टीव्ही. पोरं आळीपाळीनं माउस धरत होती. मलाही धरायला लावला. मी तो रुमालाखालच्या हातासारखा आवळला तर पडद्यावरचा बाण कोपऱ्यात पळून गेला. "आबा, गळा नका दाबू त्याचा," एक पोरगी म्हणाली. हळू धरल्यावर बाण ऐकायला लागला. मी कुठलंसं चित्र उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मागं रांग लागली होती तरी मला उठावंसं वाटेना.

मग मॅडमनी विचारलं, "पासवर्ड म्हणजे काय?"

"कुलूप!"

"आणि त्याची किल्ली कोणाला द्यायची?"

"घरच्या मोठ्याईशिवाय कोनालेच नाई!" सगळा वर्ग ओरडला.

मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. "मॅडम, पन या आबाचा पासवर्ड आमाले सगळ्याईले माहीत हाय. गाडीचा नंबर!"

"पिकअपच्या मागं लिवलाच हाय," दुसऱ्यानं भर घातली.

"काऊन बे," मी उसळलो, "माझा मोबाइल उघडून पाह्यता काय तुमी?"

"आमी कायले उघडू? तुमीच तं पारावर बसून वरडता, 'गाडीचा नंबर टाक ना बे, उघडते!'"

वर्ग खो खो हसला. माझी नातसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. मला राग आला, पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. बाजारात जो माणूस बोटाचा भाव पोटच्या पोराला सांगत नाही, तो आपल्या मोबाइलची किल्ली पारावर ओरडून वाटत होता. मॅडमनी शिकवलं तसं मी तिथंच तीन शब्द निवडले, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेले, आणि नवा पासवर्ड केला. नातीनं हळूच विचारलं, "आबा, काय ठेवला?" मी मान हलवली. "शाबास," ती म्हणाली, मास्तरणीसारखी.

मग मॅडमनी एक प्रसंग सांगितला. तुम्ही मोबाइलवर गेम खेळताय. समोर एक अनोळखी खेळाडू आहे. तो म्हणतो, तुझा एक फोटो दे, मी तुला गेममधले शंभर हिरे देतो. काय कराल?

"नाई म्हणू!" "बंद करू!" "आईले सांगू!"

माझ्या नातीनं हात वर केला. "दोनशे मागू."

पोरं हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मांडीवर थाप मारून म्हणालो, "पाह्यलं का मॅडम, रक्त बोलते!"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोनशे मागितले म्हणजे आपण त्याच्याशी बोलायला लागलो. त्याला तेवढंच हवं असतं. त्याला हिऱ्यांची काय किंमत?"

पुढं त्यांनी काय सांगितलं ते मी नीट ऐकलं नाही. कारण नातीनं खाली मान घातली होती. चांगल्या उत्तरावर शाबासकी मिळाली नाही म्हणून पोर मान घालतं, तसं ते नव्हतं. मी माणसांचे चेहरे वाचून पोट भरलेला माणूस आहे. जनावर विकणारा दाताकडे बोट दाखवत असला, तर मी खुराकडे बघतो. नातीचं काहीतरी दुखत होतं.

घरी येताना आठवायला लागलो. रोज शाळेतून आली की घरच्या मोबाइलसाठी आजीशी भांडणारी पोर चार-पाच दिवस मोबाइल मागतच नव्हती. तो टुण् वाजला की दचकायची. आजी म्हणाली, "बरं झालं, सुटला नाद." मला ते बरं वाटलं नाही. चाऱ्याला तोंड न लावणारं जनावर गुणी असतं, असं कोणी म्हणत नाही.

रात्रीच्या जेवणातच विचारणार होतो. तोंड उघडलं आणि आवाज घशातच चढलेला जाणवला, तसा घास घेतला. मला उन्हाळ्यातली एक गोष्ट आठवली होती. लोणारच्या एका गिऱ्हाइकासाठी मी बैलजोडी चालताना, बसताना, औत ओढताना, असा झकास व्हिडिओ काढून ठेवला होता. मोबाइल भरला, चालेना, म्हणून नातीनं 'साफ' केला. व्हिडिओ गेला, गिऱ्हाईकही दुसरीकडे गेलं. मी तिला हात लावला नव्हता. पण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल इतका ओरडलो होतो, आणि मोबाइल खाटेवर आपटला होता. ती तेव्हा पळत समोर भाभीकडं गेली होती. भाभीनं बांगड्यांची पेटी लावता लावता तिला मांडीशी बसवून घेतलं होतं. मी ही गोष्ट केव्हाच सोडून दिली होती. तिनं सोडली नव्हती, असं आता वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी बकऱ्यांच्या गोठ्यात बसलो होतो. तिला हाक मारली, समोर बसवलं, खांद्यावरचा रुमाल काढला.

"सौदा करू."

"कायचा?"

"तोंडानं नाई. एक बोट म्हंजे हो, मूठ म्हंजे नाई."

तिनं हात दिला. मी वर रुमाल टाकला. जवळ गाभण बकरी उभी होती. रिवाजाप्रमाणं तोंडानं भलतंच बोलायला ती आपणहून लागली.

"ही कधी विनार, आबा?"

"पंधरा दिवस तं लागतीन." मग मी आवाज बारीक केला. "मोबाइलचं काही आहे?"

एक बोट दाबलं गेलं.

"फुटला? हरवलं काही?"

मूठ.

"दोन पिल्लं देईन काय?" ती बकरीकडं बघत म्हणाली.

"पोट तं मोठं दिसते. कोनी बोलते तुझ्याशी? मोबाइलवर?"

एक बोट.

"ओळखीचं?"

मूठ. तिची मूठ घामानं ओली झाली होती.

"किती दिवस?"

तिनं माझी पाच बोटं धरली. सोडली. पुन्हा पाच धरली. सोडली. मग दोन.

बारा दिवस. माझं डोकं तापलं. रुमालाखाली माझ्या हातानं तिचा हात इतका आवळला की ती मागं ओढायला लागली. माणूस सौद्यात हात ओढतो तेव्हा सौदा मोडतो, हे मी हजारदा पाहिलं आहे. मला वर्गातला तो माउस आठवला. मी बोटं सैल केली. हात काढून घेतला नाही, आवळलाही नाही, नुसता धरून बसलो. बकरीनं रुमालाचं टोक चघळायला घेतलं, तेही चघळू दिलं. थोड्या वेळानं तिनं दुसऱ्या हातानं रुमाल बाजूला केला आणि रडत रडत म्हणाली, "आबा, वरडू नका, दाखवते."

तिनं घरचा मोबाइल आणून गेम उघडला. त्यातच खेळणाऱ्यांना एकमेकांना लिहायची सोय होती. समोरच्याचं नाव म्हणजे काहीतरी आकडे, फोटो म्हणजे मांजरीचं पिल्लू. 'मी पण चौथीत आहे,' इथून सुरुवात. 'गणवेशातला फोटो दे, पन्नास हिरे देते.' पुढं माझ्या नातीची उत्तरं. ती वाचताना मला माझीच वाक्यं दिसायला लागली. 'एवढ्यात नाही जमत.' 'तुझं नाही, माझं नाही, मधलं कर.' दीडशेवर सौदा ठरला होता. हिरे खरोखर आले होते. आम्ही याला इसार म्हणतो. तो घेतला की माणूस बांधला जातो. मग शाळेचं नाव. मग शाळा किती वाजता सुटते. दर वेळी हिनं भाव वाढवून मागितला होता, दर वेळी समोरच्यानं तो कबूल केला होता. इतक्या सहज कबूल करणारा घेणारा मी आयुष्यात पाहिला नाही. पाहिला असता तर तिथून पळालो असतो. पण पळायचं मी तिला शिकवलंच नव्हतं.

शेवटी, घरी कोणी नसताना व्हिडिओ कॉल कर, घरी सांगू नको. हिनं लिहिलं होतं, 'नाही, माझे आबा लय तापट आहेत, त्यांना कळलं तर लय रागावतील.' त्यानंतर भावच बदलला. हिरे संपले. 'कॉल कर, नाहीतर तुझ्या आबांना सांगीन तू फोटो विकला.'

हे वाक्य मी कितीदा वाचलं कोण जाणे. त्या कुठल्याशा नालायकाकडं पोरीला भिववायला काहीच नव्हतं. जे होतं ते तिच्याकडूनच मिळालं होतं, आणि ते म्हणजे मी.

मी टाइप करायला लागलो. 'कोण आहेस बे, चिखलीच्या बाजारात ये, तुला...' नातीनं माझं मनगट धरलं.

"आबा, नाई. मॅडमनं सांगतलं, उत्तर नाई द्यायचं. पुसायचं बी नाई. फोटो काढून ठेवायचे अन् ब्लॉक करायचं."

"असंच सोडून देऊ त्याले?"

"उत्तर देलं का तो अजून बोलते."

चाळीस वर्षांच्या धंद्यात मी समोरच्याचा भाव अनुत्तरित ठेवलेला नाही. त्या दिवशी ठेवला. लिहिलेलं एकेक अक्षर मागं घेतलं. तिनं दोन बटणं एकदम दाबून सगळ्या बोलण्याचे फोटो काढले, ते कसे काढतात हे मला दाखवलं, आणि त्या मांजरीला कायमचं बंद केलं.

मॅडमना मी फोन केला. रविवार असून त्या स्कूटीवर आल्या. सून, आजी, आम्ही सगळे ओसरीत बसलो. मॅडमनी आधी पोरीला जवळ घेतलं आणि आमच्यादेखत सांगितलं, "चूक तिची नाही. तिला फसवणारा मोठा माणूस असणार, आणि तो हेच काम करतो." मग सायबरच्या हेल्पलाइनला फोन लावला, फोटो जोडून तक्रार कशी करायची ते सुनेला दाखवलं. शाळेतून घरी एकटीनं यायचं नाही, हे ठरलं. त्या कामाला मी स्वतःला लावून घेतलं.

मॅडम निघताना मी नातीला विचारलं. राग नव्हता, खरंच कळत नव्हतं. "पाच बोटं लिवली होती ना? मॅडम, आई, भाभी. मग बारा दिवस एकालेही काऊन नाई सांगतलं?"

ती फ्रॉकचं टोक पिळत म्हणाली, "सगळ्याईनं तुमालेच सांगतलं असतं."

सून जमिनीकडं बघायला लागली. आजीनं उगाच चुलीकडं जायचं निमित्त काढलं. इतके दिवस मी एका बोटासाठी भांडत होतो. खरं तर पाचही बोटांच्या मागं मीच उभा होतो, म्हणून त्यांतलं एकही बोट कामाला आलं नव्हतं.

तो कोण होता ते अजून कळलं नाही. त्याचं खातं बंद झालं, तक्रारीचं काम चालू आहे. मला राहून राहून प्रश्न पडतो, तो कुठं बसत असेल, दिवसाला किती पोरांशी बोलत असेल, त्याच्याही घरात चौथीतलं कोणी असेल का. आमच्या सौद्यात समोरच्याचा हात हातात असतो. घाम, थरथर, खोटेपणा, सगळं बोटांना कळतं. याच्या बाबतीत हातात काहीच येत नाही. शनिवारच्या तासाला मी अजून जातो ते बरंचसं यासाठीच. मागच्या बाकावर बसतो, पोरांसारखे प्रश्न विचारतो. मॅडमशी भांडायचं होतं ते राहूनच गेलं.

मध्यंतरी मॅडमनी पोरांना पुन्हा हात काढायला सांगितले. या वेळी नातीनं डावा हात गिरवला, म्हणजे पहिल्या हातावरच्या पाच जणांना धक्का नको. अंगठ्यावर 'आबा' लिहिलं. मी खूश झालो, आणि मग पाहिलं की इतर बोटांवरची माणसं निळ्या पेनानं लिहिली होती आणि मी पेन्सिलीनं.

"हे काऊन?"

"तुमी बोलीवर हाये," ती म्हणाली. "बैल नाई का, औताले जुंपून पाह्यतात आधी, मंग घेतात."

नियम माझ्याच धंद्यातला होता.

गेल्या आठवड्यात तिच्या हातून मोबाइल बकऱ्यांच्या पाण्यात पडला. ओला मोबाइल दोन्ही हातांत धरून ती सरळ माझ्याकडं आली. भाभीकडं गेली नाही. म्हणाली, "आबा, माझ्याकून पडला." मी श्वास घेतला, मोबाइल पुसला, बंद करून उन्हात ठेवला आणि म्हणालो, "बरं केलं सांगतलं."

मग मी हळूच विषय काढला. "आता तं पेन काढशीन?"

तिनं मला नीट पाहून घेतलं, वरपासून खालपर्यंत, जसं मी जनावराला पाहतो.

"'बरं केलं' म्हनताना आवाज थोडा चढलाच होता, आबा," ती म्हणाली.